दरड कोसळण्यापूर्वींचीं चिन्हें

विद्यार्थिमित्रहो, आंबेगांव तालुक्यांतील माळीण हें गांव ३० जुलै २०१४ रोजीं सकाळीं डोंगराच्या चिखलाखालीं गाडलें गेलें. सुमारें दीडशें माणसें मृत्यु पावलीं. नेहमींच्या फेरीस आलेल्या एस. टी. चालकास गांवच दिसेना. त्यानेंच ही वार्ता बाहेर नेली. पुढें २०२१ सालीं महाड तालुक्यांतील तळिये व २०२३ सालीं खालापूर तालुक्यांतील इर्शाळवाडी यांवरही हाच प्रसंग ओढवला. तिन्ही वेळां महिना जुलैचाच होता.

असें कां व्हावें? डोंगरउतारावर कातळाच्या वर मातीचा थर असतो. संततधारेनें तो भिजून जड होतो, मातीचे कण एकमेकांस धरून राहत नाहींत, आणि सारा थर खालीं घसरतो.

पुष्कळदां डोंगर आधीं सूचना देतो. उतारावर नव्या भेगा पडतात, झाडें वा खांब कलतात, भिंतींस तडे जातात, दारें अडकूं लागतात, झऱ्याचें पाणी एकाएकीं गढूळ होतें. हीं चिन्हें ध्यानांत ठेवा व दिसतांच वडील माणसांस सांगा.

पालकांसही एक विनंती. गुरांमागें डोंगरावर जाणाऱ्या मुलासच भेग प्रथम दिसते. त्याचें बोलणें हसण्यावारी नेऊं नये. पाऊस कोसळत असतां "सकाळीं पाहूं" असें म्हणणें घातक होय. इर्शाळवाडीवर दरड आली ती रात्रींच. अशा वेळीं उतार व ओढा सोडून तत्काळ दूर जावें. घर पुन्हां उभारतां येतें, माणूस नाहीं.