नवशिक्याने कॅमेरा कसा निवडावा

चेन्नईहून बंगळूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, श्रीपेरुंबुदूर येण्यापूर्वी, इरुंगाट्टुकोट्टै नावाचे गाव लागते. तेथील औद्योगिक वसाहतीमुळे आणि त्या वसाहतीत १९९८ पासून मोटारी तयार करणाऱ्या ह्युंदाई कंपनीच्या कारखान्यामुळे हे नाव आज पुष्कळांना ठाऊक झाले आहे. परंतु या गावाची आणखी एक ओळख आहे, आणि ती मोटारी बनविण्याची नसून त्या पळविण्याची आहे. १९५३ साली स्थापन झालेली मद्रास मोटर स्पोर्ट्‌स क्लब ही संस्था प्रारंभी शहराच्या उत्तरेस शोलावरम येथील, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील विमानांच्या धावपट्टीवर शर्यती भरवीत असे. पुढे तिने इरुंगाट्टुकोट्टै येथे स्वतंत्र शर्यतमार्ग बांधला व तो १९९० साली सुरू झाला. त्याची लांबी ३.७१७ किलोमीटर असून त्यावर बारा वळणे आहेत.

छायाचित्रणावरील प्रकरणाचा आरंभ शर्यतमार्गाने का करावा, असा प्रश्न वाचकास पडेल. त्याचे कारण असे की, स्थिर उभ्या असलेल्या देवळाचे चित्र कोणताही कॅमेरा बरे घेतो. खिशातील दूरध्वनीसुद्धा घेतो. कॅमेऱ्या-कॅमेऱ्यांतील फरक उघडा पडतो तो विषय वेगाने हलू लागल्यावर किंवा प्रकाश अपुरा पडू लागल्यावर. ‘चांगला कॅमेरा कोणता?’ या प्रश्नाला स्वतंत्रपणे काही अर्थ नाही. ‘कशासाठी चांगला?’ असे विचारल्यावाचून त्याचे उत्तर देता येत नाही, आणि दुकानात नेमके हेच विचारले जात नाही.

आपण एक उदाहरण कल्पू. कराडच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडलेला एक तरुण फिटर या वसाहतीत नोकरीस आहे. घरी पैसे पाठवून जे उरते त्यातून वर्षभर शिल्लक टाकून तो पहिला कॅमेरा घेणार आहे. रविवारी शर्यती पाहाव्यात व त्यांची चित्रे घ्यावीत अशी त्याची इच्छा आहे. घरात चार महिन्यांची मुलगी आहे. तिचीही चित्रे त्याला हवी आहेत. निवड चुकली तर दुसरा कॅमेरा घेणे त्याला चार-पाच वर्षे शक्य होणार नाही. पुढील विवेचन या मनुष्याला समोर ठेवून केले आहे. हौसेसाठी दरवर्षी यंत्र बदलू शकणाऱ्या वाचकाला त्याची फारशी गरज नाही.

प्रथम परिभाषेविषयी थोडेसे. कॅमेऱ्याच्या अवयवांची मराठी नावे अद्याप स्थिरावलेली नाहीत. शास्त्रीय ग्रंथांत शटरला झडप म्हणतात. पण बाजारात जाऊन झडपेची चौकशी करणाऱ्याकडे दुकानदार केवळ पाहत राहील. म्हणून येथे शटर हा रूढ शब्दच ठेवला आहे. लेन्सला मात्र भिंग हा जुना व सुबोध शब्द आहे, आणि भिंगाच्या ‘फोकल लेंग्थ’साठी केंद्रांतर हा शब्दही पुरेसा परिचित आहे.

ज्याला बोलीत डी. एस. एल. आर. म्हणतात त्या कॅमेऱ्याचे वैशिष्ट्य त्याच्या आरशात आहे. भिंगातून आत येणारा प्रकाश पंचेचाळीस अंशांत बसविलेल्या आरशावर पडतो, वर वळतो, आणि लोलकातून किंवा आरशांच्या जुळणीतून फिरून डोळ्यापर्यंत येतो. म्हणजे जे भिंग चित्र घेणार त्याच भिंगातून आपण प्रत्यक्ष दृश्य पाहत असतो. कळ दाबताच आरसा वर उचलला जातो, शटर उघडते आणि प्रकाश मागील संवेदकावर पडतो. त्या क्षणी डोळ्यापुढे अंधार होतो. चित्र ज्या निमिषात घेतले गेले ते निमिष छायाचित्रकाराने पाहिलेले नसते, ही या यंत्राची एक गमतीची गोष्ट आहे. ही रचना फिल्मच्या काळापासून चालत आलेली असून, फिल्मच्या जागी संवेदक आला एवढाच मुख्य बदल झाला. तो बदल मात्र सहज झाला नाही. १९७५ साली कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने बनविलेल्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्याचे वजन सुमारे ३.६ किलो होते, चित्रात अवघे दहा हजार बिंदू असत आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत. सामान्य हौशी माणसाच्या आवाक्यातला डी. एस. एल. आर. बाजारात यायला २००३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी कॅननचा ‘ईओएस ३००डी’ एक हजार डॉलरांहून कमी किमतीस मिळू लागला.

आता जाहिरातीत सर्वांत ठळक छापल्या जाणाऱ्या आकड्याकडे, म्हणजे मेगापिक्सेलकडे वळू. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख चित्रबिंदू. बारा इंच लांब व आठ इंच रुंद छापील चित्रासाठी, दर इंचास तीनशे बिंदू धरल्यास, ३,६०० गुणिले २,४०० म्हणजे सुमारे ८६ लाख बिंदू पुरतात. नवशिक्यांसाठीच्या अलीकडच्या कॅमेऱ्यांत दोन कोटी चाळीस लाखांच्या आसपास बिंदू असतात. तेव्हा या आकड्यापायी जास्त पैसे मोजणे हा निव्वळ अपव्यय होय. त्याबद्दल याहून अधिक लिहिण्याचे कारण नाही.

खरा विचार करावयाचा तो भिंगाचा आणि वेगाचा. ताशी १८० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार सेकंदाला ५० मीटर अंतर कापते. शटर एका सेकंदाच्या हजाराव्या भागापुरते उघडले, तरी तेवढ्या अवधीत मोटार पाच सेंटिमीटर पुढे गेलेली असते. आता प्रेक्षक मार्गापासून ४० मीटरवर उभा आहे असे समजा. कॅमेऱ्याबरोबर सामान्यतः मिळणारे भिंग १८ ते ५५ मिलिमीटर केंद्रांतराचे असते. निकॉनच्या या वर्गातील संवेदकाची रुंदी २३.५ मिलिमीटर आहे. म्हणून ५५ मिलिमीटरवर त्या प्रेक्षकाच्या चौकटीत सुमारे १७ मीटर रुंदीचा पट्टा येतो. सव्वाचार मीटर लांबीची मोटार त्यात एक चतुर्थांश जागा व्यापते. बाकी सारा रस्ता आणि गवत. याच जागेवरून २०० मिलिमीटरचे भिंग लावले तर चौकट ४.७ मीटरची होते आणि मोटार ती जवळजवळ भरून टाकते. शर्यतीची चित्रे घेऊ इच्छिणाऱ्याला पहिला कॅमेरा घेतानाच दूरच्या भिंगाची तरतूद का करावी लागते, हे यावरून कळेल. सर्व शिल्लक कॅमेऱ्यावर घालून भिंगासाठी काहीच न उरणे हा नवशिक्यांचा नेहमीचा अनुभव असतो.

परंतु दूरचे भिंग मोटारीबरोबर तिची हालचालही मोठी करते. चौकट ४.७ मीटरची असताना ३० सेंटिमीटर रुंदीच्या छापील चित्रात ते पाच सेंटिमीटरचे सरकणे तीन मिलिमीटरांहून थोडे अधिक भरते. एवढा अस्पष्टपणा डोळ्याला स्पष्ट दिसतो. येथे यंत्राची मर्यादा येते व हाताचे कौशल्य सुरू होते. मोटारीच्या गतीबरोबर कॅमेरा फिरवीत न्यायचा आणि फिरता फिरताच कळ दाबायची. असे केल्यास मोटार स्पष्ट राहते, पार्श्वभूमी रेषांत विरघळते आणि चित्रात वेग उतरतो. हजाराव्या भागाऐवजी सेकंदाचा शंभरावा भागही मग चालतो. फ्रेंच छायाचित्रकार झाक आंरी लार्तीग याने पहिल्या महायुद्धापूर्वी घेतलेले शर्यतीच्या मोटारीचे एक चित्र जगप्रसिद्ध आहे. त्यात मोटारीचे चाक लंबगोल होऊन पुढे झुकलेले दिसते, तर मागचे प्रेक्षक व खांब उलट दिशेला कललेले आहेत. त्याच्या कॅमेऱ्यातील शटरची फट संपूर्ण काचेवरून हळूहळू सरकत असे आणि त्याच वेळी तो कॅमेरा फिरवीत होता, म्हणून हा प्रकार घडला. यंत्राचा दोष म्हणावा अशी ही गोष्ट. पण वेगाचे इतके बोलके चित्र निर्दोष यंत्रांतूनही क्वचितच निघाले असेल.

हा सराव करण्यासाठी तमिळनाडूत असण्याची गरज नाही. पुणे जिल्ह्यातील बैलगाडा शर्यतीच्या घाटात किंवा रस्त्याच्या कडेला सायकलस्वारांसमोर उभे राहूनही तो करता येतो. आरशातून थेट दिसणारे दृश्य या सरावाला सोयीचे पडते, कारण ते प्रकाशाच्याच गतीने डोळ्यापर्यंत येते. स्वस्त पडद्यांवर दिसते तसे मागे रेंगाळत नाही.

वेगाशी संबंधित आणखी दोन बाबी पाहाव्यात. एक म्हणजे दर सेकंदाला घेतल्या जाणाऱ्या चित्रांची संख्या, आणि दुसरी स्वयंचलित केंद्रीकरणाच्या बिंदूंची. कॅननचा ‘१५००डी’ सेकंदाला तीन चित्रे घेतो व त्याचे केंद्रीकरण-बिंदू नऊ आहेत. निकॉनचा ‘डी३५००’ पाच चित्रे घेतो, बिंदू अकरा. दोन्ही २०१८ सालचे. वळणावर मोटारीचा वेग ताशी ९० किलोमीटरपर्यंत उतरला असे धरले, तरी पहिल्याच्या दोन चित्रांमध्ये ती आठ मीटरांहून अधिक पुढे जाते, दुसऱ्याच्या पाच मीटर. कळ धरून ठेवली की नेमका क्षण आपोआप सापडेल, या भरवशावर या कॅमेऱ्यांच्या मालकाने राहू नये. वाट पाहून एकदाच कळ दाबणे त्याला अधिक फळेल. शर्यतीच हा ज्याचा मुख्य विषय आहे त्याने वरच्या श्रेणीतील पण आता जुना झालेला कॅमेरा शोधावा. निकॉनचा ‘डी७२००’ (२०१५) ५१ बिंदूंचा व सेकंदाला सहा चित्रे घेणारा, तर कॅननचा ‘८०डी’ (२०१६) ४५ बिंदूंचा व सात चित्रे घेणारा आहे.

आता आपल्या फिटरच्या घरातील मुलीकडे वळू. संध्याकाळी एका दिव्याच्या उजेडात मोटारीचे सारे गणित निरुपयोगी ठरते. येथे हवा असतो प्रकाश, आणि तो मिळतो भिंगाच्या मुखाच्या मोठेपणातून. सोबत मिळणाऱ्या भिंगाचे मुख ५५ मिलिमीटरवर एफ/५.६ एवढेच उघडते. पन्नास मिलिमीटरचे एफ/१.८ भिंग त्याच्या सुमारे साडेनऊ पट प्रकाश आत घेते. पहिल्याने सेकंदाचा पंधरावा भाग लागत असेल, तर दुसऱ्याने सव्वाशेवा भाग पुरतो. आणि तान्ह्या मुलाचे हात पंधराव्या भागात स्थिर राहत नाहीत. हे भिंग सर्व भिंगांत स्वस्त असते. माझ्या मते साधा कॅमेरा, हे एक भिंग, आणि सवडीने घेतलेले ५५ ते २५० किंवा ७० ते ३०० मिलिमीटरचे भिंग, ही या माणसासाठी योग्य मांडणी होय.

येथे एक सापळा सांगून ठेवला पाहिजे. निकॉनचे ‘डी’ चिन्हाचे जुने ५० मिलिमीटर भिंग वापरलेल्या मालात फार स्वस्त मिळते व ‘डी३५००’वर बसतेही, पण त्या कॅमेऱ्यात भिंग फिरविणारी मोटर नसल्यामुळे केंद्रीकरण हाताने करावे लागते. ‘डी७२००’मध्ये ती मोटर आहे. भिंगावरील अक्षरे वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

याहून मोठा प्रश्न असा की, आरशाचा कॅमेरा आज घ्यावाच का? २०१८ पासून निकॉन व कॅनन यांनी आपले लक्ष बिनआरशाच्या कॅमेऱ्यांकडे वळविले. सोनीने आरशाच्या कॅमेऱ्यांची विक्री २०२१ साली थांबविली. या प्रकारात नवे कॅमेरे आणण्याची चिकाटी २०२० नंतर दाखविली ती मुख्यतः पेंटॅक्सने. तेव्हा जो नवशिक्या चलच्चित्रणही करणार आहे, किंवा ज्याला दहा वर्षे नवनवी भिंगे घेत जावयाची आहेत, त्याने बिनआरशाचाच कॅमेरा घ्यावा. त्याला अन्य सल्ला देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पण ज्याची शिल्लक बेताची आहे त्याच्या दृष्टीने ही घटना इष्टापत्तीच ठरली आहे. पुष्कळ हौशी लोकांनी आपले संच बदलले आणि त्यांचे जुने कॅमेरे व भिंगे बाजारात आली. शटर, मुख आणि संवेदनक्षमता या तिहींचा परस्परसंबंध शिकायला ती आजही तितकीच समर्थ आहेत. शिवाय आरशातून पाहण्याला वीज जवळजवळ लागत नाही. ‘डी३५००’ची बॅटरी एका भरणीत सुमारे दीड हजार चित्रे देते.

मात्र वापरलेला कॅमेरा, मग तो मुंबईच्या बोरा बाजारातला असो की ओळखीच्या माणसाचा, दिवसाउजेडी पाहून घ्यावा. शटर आजवर किती वेळा उघडले तो आकडा विचारावा. या श्रेणीतील शटरचे आयुष्य साधारणतः एक लाखाच्या घरात धरतात. मुख एफ/२२ एवढे बारीक करून निरभ्र आकाशाचे एक चित्र घ्यावे, म्हणजे संवेदकावरील धूळ काळ्या ठिपक्यांच्या रूपाने दिसून येते. भिंग हातात घेऊन त्यातून विजेरीचा झोत आरपार टाकावा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी होय, आणि ते भिंग किंमत कितीही उतरविली तरी घेऊ नये. चेन्नई काय, मुंबई-कोकण काय, समुद्राकाठच्या दमट हवेत ही बुरशी कातडी पिशवीत बंद ठेवलेल्या भिंगाला एका पावसाळ्यात धरते. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या एवढा बंदोबस्त पुरतो. पुडीतील निळे खडे ओल शोषून गुलाबी झाले की त्या बदलाव्यात, आणि महिन्यातून दोनदा तरी भिंगे बाहेर काढून वापरावीत.