हात दाखवायचा आणि निघायचं

सासूबाई पुण्याच्या, आता आमच्याकडे मेलबर्नला. त्यांना डिमेन्शियाचं निदान झाल्यापासून गाठीला आलेलं थोडंफार:

१. दुभाषा घरचा नको. मुलगा शेजारी बसला की आईंनी चुकीचा सांगितलेला वार भाषांतरातच दुरुस्त होतो आणि डॉक्टरांना सगळं आलबेल वाटतं. टिस नॅशनल ही सरकारी दुभाषी सेवा १३१ ४५० वर चोवीस तास असते. मराठी हवं असेल तर आधीच सांगून ठेवावं.

२. चाचणी कोणती, ते विचारावं. एमएमएसई या जुन्या चाचणीत ‘सध्या कोणता ऋतू?’ असतं. जुलैत आई म्हणाल्या, “पावसाळा.” गुण गेला! सिडनीत तयार झालेली, २००४ साली प्रसिद्ध झालेली रुडास चाचणी नाना देशांच्या माणसांसाठीच आहे. लक्षात ठेवायची यादी चहा, तेल, अंडी, साबण अशी. आई अंड्याला शिवत नाहीत, पण चालून गेलं. मग प्रश्न आला: सिग्नल नाही, झेब्रा नाही, वर्दळीचा रस्ता कसा ओलांडाल? “हात दाखवायचा आणि निघायचं.” पुणेकराला यात काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही.

३. पण सगळं खापर चाचणीवर फोडू नये; आजार खराही असतो. ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांत डिमेन्शिया इतरांच्या ३ ते ५ पट आढळतो, तोही कमी वयात. त्यामागे डोक्याला झालेल्या इजा, पक्षाघात, मधुमेह आणि पिढ्यान्‌पिढ्यांची हलाखी आहे. मधुमेह आपल्याही घरोघरी आहे. साखर आणि बीपी सांभाळा.

४. ‘माय एज्ड केअर’ या सरकारी वृद्धसेवेकडे नाव लवकर नोंदवा. आपल्याकडे “आम्ही आहोत ना” म्हणत दिवस काढतात आणि म्हातारं माणूस पडलं की धावपळ. पाहणीला आलेल्या बाईंनी विचारलं, “आंघोळ स्वतः करतात?” मी ‘हो’ म्हणणार होते. खरं तर पाणी मी काढते, कपडे क्रमाने मी ठेवते, दाराबाहेर उभी राहून ‘आता पाठ, आता पाय’ असं मीच सांगते. सुनेच्या लेखी ही मदत नसतेच. पण तेवढं सगळं सांगितलं तरच मदतीची गरज नीट नोंदली जाते. नोव्हेंबर २०२५ पासून घरपोच मदत ‘सपोर्ट ॲट होम’ योजनेतून मिळते. मंजुरीनंतरही वाट पाहावी लागू शकते.

५. मराठी येणारी मदतनीस मिळेलच असं नाही. पाणी, संडास, दुखतंय, नको हे शब्द इंग्रजी लिपीत लिहून फ्रिजवर लावा. आमच्याकडे येणाऱ्या मदतनीस मुलीला पहिल्या आठवड्यात ‘नको’च सगळ्यात जास्त ऐकावं लागलं.