जपानी गोंदण: ताशी दर नको, पूर्ण पाठीचा हिशेब मागा

योकोहामाचे गोंदणकार तिसरे होरियोशी (जन्म 1946) यांचं काम पाहून पाठभर ड्रॅगन किंवा कोई मासा गोंदवून घ्यावा, असं अनेकांच्या मनात येतं. मात्र ही परंपरा सुट्या चित्रांची नाही. मुख्य आकृतीभोवती लाटा, ढग, वारा काळ्या छटांत भरत नेऊन पाठ एकसंध करतात. त्यामुळे खर्चही सुरुवातीलाच पूर्ण पाठीचा धरावा.

खर्च किती?
जपानमध्ये ताशी 10,000 ते 20,000 येन हा नेहमी आढळणारा दर. पूर्ण पाठीला 30 ते 50 तास सहज लागतात. ताशी 15,000 येनने 40 तासांचे 6 लाख येन होतात. येनला 60 पैसे धरले तर सुमारे 3 लाख 60 हजार रुपये. बैठक दोन-तीन तासांची, आणि त्याच जागी पुन्हा सुई लावण्याआधी कातडी भरून यावी लागते. एका सहलीत हे काम उरकत नाही. प्रत्येक फेरीचं विमानभाडं आणि मुक्काम वेगळा धरा.

हाताने की यंत्राने?
हाताच्या पद्धतीला तेबोरी म्हणतात. लांब दांड्याच्या टोकाला सुयांचा जुडगा असतो. कारागीर एका हाताने कातडी ताणतो, दांडा त्याच हाताच्या अंगठ्यावर टेकवतो आणि सुया तिरक्या टोचत छटा भरतो. स्वतः होरियोशीही पुढे बाह्यरेषांसाठी यंत्र वापरू लागले. तेव्हा यंत्राच्या रेषेला फसवणूक समजू नका. हाताने नेमकं काय होणार, ते आधी ठरवून घ्या.

आगाऊ रक्कम देण्यापूर्वी
• दर तासाचा, बैठकीचा की पूर्ण कामाचा?
• तारीख बदलली तर आगाऊ रक्कम बुडते का?
• सुया नव्या, सीलबंद आहेत का? पाकीट समोर फोडायला सांगा.
• काही वर्षांपूर्वीच्या, भरून आलेल्या कामाचे फोटो पाहा. ताजं गोंदण सगळ्यांचंच उठून दिसतं.

पैशांपलीकडे
जपानमधल्या अनेक सार्वजनिक स्नानगृहांत गोंदलेल्यांना प्रवेश नसतो. भारतात गोंदणानंतर वर्षभर रक्तदान करता येत नाही. सैन्यभरतीचा विचार असेल तर नियम आधी वाचा; पाठभर गोंदण तिथे आड येतं.

पूर्ण पाठीचे पैसे आणि वेळ हाताशी असेल तरच पहिली रेघ ओढू द्या. स्वस्तातलं किंवा अर्धवट सुटलेलं काम निस्तरणं सर्वांत महाग पडतं.