दुर्जनांचं भलं का होतं? हिब्रू धर्मग्रंथाकडून शिकलेल्या पाच गोष्टी

वाईट माणसाला शिक्षा होते की तो सुखातच जगतो, हा प्रश्न घेऊन मी हिब्रू धर्मग्रंथ पुन्हा पुन्हा वाचत आलो. हाती लागलं ते असं.

१. एकाच उत्तराचा हट्ट धरू नये. पहिलं स्तोत्र आणि नीतिसूत्रे सांगतात की दुष्ट टिकत नाही. ‘उपदेशक’ हा ग्रंथ सांगतो की सज्जन अकाली जातो आणि दुर्जन दीर्घायुषी होतो. ग्रंथ जपणाऱ्यांनी दोन्ही जपलं.

२. इतिहासाचा हिशेब जुळेलच असं नाही. यहूदाच्या मनश्शे राजानं यरुशलेमेत निरपराधांचं रक्त सांडलं, तरी ५५ वर्षं राज्य केलं. त्याचा धर्मनिष्ठ नातू योशीया इ. स. पू. ६०९ मध्ये, चाळिशीही गाठण्याआधी, मिसरच्या फारोकडून मारला गेला. ‘राजे’ या ग्रंथात मनश्शेचा पश्चात्ताप नाही; ‘इतिहास’ या नंतरच्या ग्रंथात मात्र त्याची कैद, पश्चात्ताप आणि सुटका येते. हा विसंगत हिशेब तेव्हाच्या लेखकांनाही छळत असणार, असं मला वाटतं.

३. देवाला जाब विचारणं हीसुद्धा भक्तीच. यिर्मया आणि हबक्कूक हे संदेष्टे थेट देवालाच विचारतात की दुष्टांचं का फावतं. आसाफाच्या नावावरचं ७३वं स्तोत्र दुर्जनांचा हेवा वाटल्याची कबुली देतं, आणि तरी ते प्रार्थनेच्या ग्रंथात आहे. माझ्या प्रार्थनेतही आता राग लपवलेला नसतो.

४. दुःखिताच्या घरी पापाचा शोध घेऊ नये. ‘ईयोब’ या ग्रंथात संकटांनी घेरलेल्या ईयोबाचे तिघे मित्र त्याला पटवत राहतात की तू काहीतरी केलं असशीलच. शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर. कुणाच्या समाचाराला जाताना मी हे मनात पक्कं ठेवतो आणि कारणं सांगत बसत नाही.

५. न्याय लांबला तरी अन्यायाला अन्याय म्हणावं. नाबोथ नावाच्या माणसाच्या द्राक्षमळ्यासाठी ईजबेल राणीनं खोटे साक्षीदार उभे करून त्याला दगडांनी ठार करवलं. तिचा नवरा अहाब राजा मळा ताब्यात घ्यायला गेला, तेव्हा एलीया या संदेष्ट्यानं तिथेच त्याला खुनी म्हटलं. अहाब देवापुढे नमला, म्हणून एलीयानं सांगितलेलं त्याच्या घराण्यावरचं संकट मुलाच्या काळावर गेलं. नाबोथाला जीवही परत मिळाला नाही आणि मळाही नाही. पण त्या खुनाला वतनाचा व्यवहार म्हणून खपवता आलं नाही. आमच्या कुटुंबाची जमीन खोट्या सह्यांनी गेली. ती परत येईल की नाही, हे माझ्या हाती नाही. ती कशी गेली हे मुलांना स्पष्ट सांगणं माझ्या हाती आहे, आणि ते मी सांगतो.