होडीचे लहान यंत्र व त्याची शक्ती

आपल्या जिल्ह्यास समुद्रकिनारा नाही. तथापि होडी आपणांस अपरिचित नाही. १९२६ साली पूर्ण झालेले भंडारदऱ्याचे धरण, राहुरी तालुक्यातील मुळा धरण, शेवगाव व नेवासे तालुक्यांस भिडलेला जायकवाडीचा नाथसागर, आणि दक्षिणेस कर्जत-श्रीगोंद्यापर्यंत येणारे उजनीचे पाणी, ह्या सर्व जलाशयांवर होड्या चालतात. पुष्कळ होड्या अद्यापि वल्ह्यांनीच चालतात. परंतु कित्येकांच्या मागल्या फळीस एक लहानसे यंत्र अडकविलेले असते. त्यास आउटबोर्ड यंत्र म्हणतात. असे यंत्र ज्याच्या हाती आले, त्याच्या मनात लवकरच एक इच्छा उत्पन्न होते, ती अशी की, ह्याच यंत्रातून आणखी शक्ती काढता येईल काय? ह्या प्रश्नाचा शास्त्रीय विचार आम्ही येथे करणार आहो.

प्रथम थोडा इतिहास पाहू. नॉर्वे देशात जन्मलेला ओले एव्हिनरूड नावाचा कारागीर अमेरिकेतील मिलवॉकी शहरी राहत असे. एकदा उन्हाळ्यात तो सरोवराकाठी सहलीस गेला असता, आइस्क्रीम आणण्यासाठी वल्ही मारीत पलीकडे गेला, आणि परत येईतो ते वितळून गेले, अशी गोष्ट सांगतात. १९०९ साली त्याने जे आउटबोर्ड यंत्र विक्रीस काढले, त्याची शक्ती अवघी दीड अश्वशक्ती होती व वजन सुमारे २८ किलो होते. पुढे ह्याच जातीची यंत्रे जगभर पसरली.

आता ह्या यंत्राचे काम कसे चालते ते पाहू. ह्यांतील पुष्कळशी जुनी व लहान यंत्रे दोन धावांची असतात. १९७२ साली निघालेली, आपल्या नगरच्या कारखान्यात तयार होणारी ‘लूना’ ज्यांच्या घरी होती, त्या पालकांस हे यंत्र सहज समजेल. कारण तिचे ५० घनसेंटिमीटरचे इंजिन ह्याच प्रकारचे होते. दट्ट्या वर जाताना खालच्या पेटीत हवा व पेट्रोल यांचे मिश्रण ओढले जाते. दट्ट्या खाली येताना ते मिश्रण सिलिंडरात ढकलले जाते. तेथे ते दाबले जाते, प्लगची ठिणगी पडते, स्फोट होतो, आणि जळका वायू बाहेर पडतो. आसाच्या प्रत्येक फेऱ्यास एक स्फोट, असा हा क्रम आहे.

यावरून एक नियम निघतो. यंत्राची शक्ती ही एका मिनिटात किती हवा व पेट्रोल नीट जळते, यावर अवलंबून असते. म्हणून शक्ती वाढविण्याचे मुख्य मार्ग तीनच: प्रत्येक खेपेस अधिक मिश्रण आत घेणे, मिनिटास फेरे वाढविणे, किंवा मिश्रण अधिक दाबणे.

पहिला मार्ग कारखानदारांनी स्वतःच वापरलेला आहे. काही जपानी यंत्रांत एकाच २४६ घनसेंटिमीटरच्या सांगाड्यावर ९.९ अश्वशक्तीचे व १५ अश्वशक्तीचे अशी दोन यंत्रे केलेली आढळतात. अमेरिकेतील कित्येक सरोवरांवर दहा अश्वशक्तीपेक्षा मोठ्या यंत्रास मनाई असल्यामुळे ९.९ ह्या आकड्यास विशेष मागणी असते. अशा दोन यंत्रांतील भेद बहुधा कार्बोरेटरच्या गळ्यात व मिश्रण आत घेणाऱ्या मार्गात असतो. जेथे कारखानदाराने दोन्ही यंत्रे एकाच मजबुतीची केली आहेत, तेथे मोठ्या यंत्राचा कार्बोरेटर त्याच्या योग्य जेटसह बसविला, तर शक्ती वाढते. परंतु जेटकडे दुर्लक्ष करून केवळ हवेची वाट मोठी केली, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडते, उष्णता वाढते, आणि दट्ट्या वितळून सिलिंडरास चिकटतो. त्याचप्रमाणे सिलिंडरचे हेड घासून दाब वाढविला आणि पेट्रोल हलके अथवा भेसळीचे मिळाले, तर स्फोट अवेळी होऊन यंत्रात ठोके पडू लागतात व ते थोड्याच दिवसांत निकामी होते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. समजा, हे सर्व निर्विघ्न पार पडले आणि दहा अश्वशक्तीच्या जागी पंधरा मिळाली. तर मग होडी दीडपट वेगाने धावेल काय? नाही. पाण्याचा विरोध साधारणतः वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, व लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. म्हणजे वेग दुप्पट हवा असेल, तर शक्ती आठपट पाहिजे. दीडचे घनमूळ सुमारे १.१४ आहे. म्हणून तासाला दहा किलोमीटर जाणारी भारी होडी आता सुमारे ११.४ किलोमीटर जाईल. पाच किलोमीटरच्या पल्ल्यास पूर्वी तीस मिनिटे लागत, ती आता सव्वीस लागतील. ह्या चार मिनिटांसाठी तेवढ्याच पल्ल्यास सुमारे एक-तृतीयांश पेट्रोल अधिक जळेल. हलकी, सपाट तळाची होडी वेग घेताच पाण्यावर उचलली जाते, तिचा हिशेब निराळा. परंतु जाळी व माणसे यांनी भरलेल्या होडीस हाच नियम लागू पडतो.

म्हणून आमचे सांगणे असे की, नवी शक्ती शोधण्यापूर्वी हातची शक्ती कोठे वाया जाते ते पाहावे. समुद्रसपाटीपासून दर शंभर मीटर उंचीस यंत्राची सुमारे एक टक्का शक्ती कमी होते, कारण हवा विरळ होते. भंडारदऱ्याचे पाणी सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे. तेव्हा तेथे दहा अश्वशक्तीचे यंत्र सव्वानऊच्या आसपासच काम देते. अशा ठिकाणी कमी पिचचा पंखा बसविला, तर यंत्र पुन्हा आपल्या योग्य फेऱ्यांवर येते. पिच म्हणजे घन पदार्थात स्क्रू जसा पुढे सरकतो, तसा पंखा एका फेऱ्यात जेवढा पुढे जाईल ते अंतर. नऊ इंच पिचचा पंखा मिनिटास २५०० फेरे करील, तर हिशेबाने तासाला सुमारे ३४ किलोमीटर जाईल. पाणी घसरते म्हणून प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी. पंख्याची वाकलेली पाती, काजळलेला प्लग, तळास चिकटलेले शेवाळ व होडीत साचलेले पाणी, ही सर्व शक्तीची चोरी करतात. ती थांबविण्यास फार पैसा लागत नाही.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून आम्हांस लेख संपविता येत नाही. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीकडे जाणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली व सहा जण बुडाले. दोनच दिवसांनी, २३ मे रोजी, अकोले तालुक्यातील सुगाव येथे प्रवरेत बुडालेल्यांचा शोध घेताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची होडी उलटून तीन जवान मृत्यू पावले. पाण्यावर माणसाचा जीव केवळ यंत्राच्या बळावर तरत नाही. मोठ्या यंत्राचे वजन व रेटा मागल्या फळीवर पडतो. ती फळी व ती होडी लहान यंत्रासाठी बांधलेली असते. ताकद वाढविलेले यंत्र भर पाण्यात बंद पडले, तर वाचलेली चार मिनिटे काय कामाची? म्हणून ज्याने यंत्रात फेरफार केला, त्याने होडीची ताकद तपासावी, प्रत्येकास जीवरक्षक जाकीट द्यावे, वल्ही बरोबर ठेवावी, व वारा सुटला असता काठ सोडू नये.

शेवटी एक उदाहरण घरी सोडविण्यासाठी देतो. एक होडी सहा अश्वशक्तीने तासाला आठ किलोमीटर जाते. तिला दहा किलोमीटर जावयास किती शक्ती लागेल? उत्तर सुमारे पावणेबारा येईल. पालकांनीही हा हिशेब मुलांबरोबर मांडून पाहावा. यंत्रावर खर्च करण्यापूर्वी कागदावर केलेला खर्च नेहमीच स्वस्त पडतो.