जिमखान्याचे सर आणि सचिवाची खुर्ची

प्रश्न : अमेरिकेत शिकणारी माझी भाची सांगते, तिकडे कॉलेजचा फुटबॉल प्रशिक्षक पुढे अख्ख्या विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचा प्रमुख होतो. आपल्याकडे असं होतं का?
– एक वाचक, डोंबिवली (पूर्व)

उत्तर : भाचीचं बरोबर आहे. नेब्रास्काचे टॉम ऑस्बोर्न १९७३ ते १९९७ प्रशिक्षक होते, २५५ सामने जिंकले आणि २००७ मध्ये त्याच विद्यापीठाचे क्रीडा संचालक झाले. अर्थात ते फुटबॉल हातात धरून पळायचं.

आपल्याकडे ही दोन्ही कामं पहिल्या दिवसापासून एकाच माणसाच्या गळ्यात असतात. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या कॉलेजांत पोरं ज्यांना ‘जिमखान्याचे सर’ म्हणतात, त्यांचं कागदावरचं पद शारीरिक शिक्षण संचालक. सकाळी शिटी, दुपारी प्रवेशिका, ओळखपत्रं, प्रवासभत्त्याची बिलं. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत या पदासाठी पळूनही दाखवावं लागतं : तिशीपर्यंतच्या पुरुषाला १२ मिनिटांत १८०० मीटर. मला ही अट फार आवडते.

पण प्रशिक्षकाने खुर्चीत बसून काय करावं, हे पाहायचं तर हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम पाहा. उस्मानिया विद्यापीठाकडून खेळलेले, पेशाने शाळामास्तर. १९४३ मध्ये हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले. सचिव म्हणजे वेळापत्रक आणि हिशेब, एवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी स्पर्धाच वेगळ्या भरवल्या. एकीत चेंडू पायाशी घोळवायला बंदी, आला की पास द्यायचा. दुसरीत फक्त कमजोर पायाने खेळायचं. उजव्या पायाच्या पोराला आठवडाभर डाव्यानेच मारायला लावलं, तर तो पाय तयार होणारच! सराव घेणारा प्रशिक्षक एका संघाला शिकवतो. स्पर्धेचा नियम ठरवणारा सचिव गावभरच्या पोरांना शिकवतो. हे रहीमसाहेबांना नेमकं उमगलं होतं. आपल्या जिल्ह्यात १२-१४ वर्षांच्या मुलांसाठी कुणीतरी अशी एक तरी स्पर्धा भरवावी, असं मला मनापासून वाटतं.

सचिवपद सांभाळतच त्यांनी प्रशिक्षक म्हणून भारताला १९५१चं आशियाई सुवर्ण, १९५६ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळवून दिला. ४ सप्टेंबर १९६२ला जकार्तात दक्षिण कोरियाला २-१ हरवलं, पुन्हा सुवर्ण. नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ला, ते कर्करोगाने गेले. त्या दिवशीही असोसिएशनचे सचिव तेच होते.