साखर स्नायूंत शिरते कशी?

अंगावर मांस नाही, सारे आयुष्य शेतात गेले, तरी रक्तात साखर निघाली कशी, असे रिसोड-मानोऱ्याकडील काटक बांध्याचे शेतकरी बंधू ज्या आश्चर्याने विचारतात, ते आश्चर्य मला स्वाभाविक वाटते; परंतु त्याचे उत्तर मांडीच्या नि पोटरीच्या स्नायूंत शोधावे लागते.

जेवणानंतर रक्तात उतरलेल्या ग्लुकोजचा मोठा हिस्सा स्नायूंनी उचलायचा असतो. पण स्नायुपेशीचे आवरण स्निग्ध द्रव्याचे आणि ग्लुकोज पाण्यात विरघळणारे, म्हणून ते स्वबळावर आत शिरू शकत नाही. त्याला आत नेणारे ‘ग्लूट-४’ नावाचे प्रथिन एरवी पेशीच्या अंतर्भागातील सूक्ष्म पुटिकांत पडून असते, आणि इन्शुलिनचा हुकूम पोहोचला म्हणजे त्या पुटिका आवरणाला येऊन मिळतात. मधुमेहाच्या सर्वसामान्य प्रकारात हुकूम सुटतो, त्याची तामिली मात्र नीट होत नाही.

सडपातळपणा येथे खातरीचा जामीन नव्हे; या तामिलीच्या आड येणारी चरबी काटक बांध्यातही दडून असू शकते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपले आणि आपल्या इंग्रज सहकाऱ्याचे छायाचित्र प्रसिद्ध केले, उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण शरीरातील चरबी सहकाऱ्याची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२.

दिलासा असा, की स्नायू आकुंचन पावू लागला म्हणजे ग्लूट-४ इन्शुलिनच्या हुकुमावाचूनही आवरणावर येते, आणि ही दुसरी वाट मधुमेह्यांतही बहुधा शाबूत असते. डवरणी-सोंगणीत राबणारे शरीर फटफटीवरून शेतात जाऊन नुसते बांधावर उभे राहू लागले, की तीच वाट बिनवापराची होते. म्हणून जेवल्यावर लगेच बाजेवर आडवे न होता पंधरा-वीस मिनिटे चालावे, आठवड्यातून दोन-तीनदा झेपतील तेवढ्या उठबशा काढाव्यात, आणि श्रमाने वाढलेली इन्शुलिनची ग्रहणशक्ती एक-दोन दिवसांत ओसरत असल्याने सलग दोन दिवसांहून अधिक खंड पडू देऊ नये. घरकामात दिवस जातो म्हणून मायबहिणींनीही यातून सूट घेऊ नये.

मात्र औषध आपल्या मर्जीने बंद करू नये. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांना श्रमानंतर घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी असे झाल्यास तत्काळ दोन-तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी. आणि पायांची संवेदना मंदावली असेल तर वावरात अनवाणी न जाता, रोज रात्री तळवे उजेडात तपासून पाहावेत.